मामांची ढाक आणि पांढरे ठिपके

आमच्या घरात ‘अवतार’ हा शब्द माझ्यासाठी राखून ठेवलेला होता. केस विंचरलेले नसले, ओढणी एका खांद्यावरून लोंबत असली, की आई म्हणायची, “काय हा अवतार!” त्यामुळे दोन हजार सालानंतर पाच-सात वर्षांनी मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत नोकरीला लागले आणि मी आता अवतार करते असं घरी सांगितलं, तेव्हा आईला त्यात नवल वाटलं नाही. “ते तू पहिल्यापासूनच करत आलीयस,” असं म्हणून ती कुकरकडे वळली.

स्टुडिओ हा शब्दही जरा मोठाच झाला. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही. आमचे सर आधी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. नवरा-नवरीच्या तोंडांभोवती बदाम फिरवता फिरवता त्यांना कॉम्प्युटरचा नाद लागला आणि त्या नादापायी आम्हा तिघाचौघांना पगार मिळू लागला. आम्ही स्थानिक जाहिरातींसाठी नाचणारी दुधाची पिशवी, बोलणारं खताचं पोतं असली कामं करायचो. मी केलेलं खताचं पोतं डोळा मिचकावायचं. मला त्याचा अभिमान होता आणि त्याला कोणी हसलं की मी भांडायला उठत असे.

अशात बेंगळूरच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांना कुस्तीचा कॉम्प्युटर गेम करायचा होता आणि त्यासाठी मातीतला खरा पैलवान हवा होता. आधी यंत्राने त्याचं अंग चहूबाजूंनी मोजायचं आणि हुबेहूब तसा पुतळा कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा. मग पैलवानाच्या अंगावर चमकणारे गोळे चिकटवून त्याला कुस्ती खेळायला लावायची, कॅमेऱ्यांनी त्या गोळ्यांची हालचाल टिपायची आणि ती पुतळ्याला लावायची. असा हलता-चालता पुतळा म्हणजे अवतार. कोल्हापुरात पैलवान रस्त्यावर मिळतात अशी त्यांची समजूत होती, आणि ती फारशी चुकीचीही नव्हती. सरांनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, “पैलवान आमच्या घरातलाच आहे.” फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घर माझं होतं.

माझे मामा एका तालमीचे वस्ताद. साठी ओलांडलेली, मान अशी की सदऱ्याचं वरचं बटण जन्मात कधी लागलं नाही, आणि उजवा गुडघा असा की मामा जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावर आधी आवाज पोचायचा. मामांचा डाव म्हणजे ढाक. समोरच्याचा हात आपल्या काखेत दाबायचा, पाय टाकून गर्रकन वळायचं आणि त्याला कमरेवर घेऊन पाठीवर आपटायचं. हे सांगायला जेवढा वेळ लागला तेवढाही मामांना करायला लागत नसे, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

तरुणपणी एका जत्रेच्या मैदानात मामांनी पंजाबच्या एका नामांकित मल्लाला ढाकेवर चितपट केलं होतं. पण कुस्ती लागल्या लागल्याच निकाल झाला. बघायला आलेली माणसं त्या वेळी शेंगा घेत होती, फेटा सारखा करत होती, शेजाऱ्याला ‘जरा सरका’ म्हणत होती. वळून बघितलं तर पंजाबी आभाळाकडे तोंड करून पडलेला. एवढी गर्दी, पण ढाक बसताना प्रत्यक्ष बघितलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तिचा फोटो नव्हता, फिल्म असण्याचा प्रश्नच नव्हता. मामांनी ती कुस्ती सांगून सांगून तालमीच्या दोन पिढ्या वाढवल्या. आणि एके दिवशी नव्या पोरांपैकी कोणीतरी “वस्ताद जरा वाढवूनच सांगत्यात” असं म्हटलेलं त्यांच्या कानावर आलं. त्यानंतर मामांनी ती कुस्ती सांगायची बंद केली. मला त्या पोरांचा राग आला होता, पण मामांचं गप्प बसणं मला त्याहून जास्त लागलं.

म्हणून मी गेले तेव्हा मला वाटलं होतं, ते उडीच मारतील.

“मामा, तुमचा अवतार करायचाय,” मी म्हणाले.

“हाय त्यो काय वाईट हाय?” मामा म्हणाले.

मी सगळं समजावून सांगितलं. मामा जाहिरातीतल्या खताच्या पोत्याला ओळखत होते, त्यामुळे मी त्यांचंही तसलंच काहीतरी करणार असं त्यांना वाटलं. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

“ह्ये कायमचं ऱ्हातंय?”

“राहतंय.”

“आन् हळू करून बघता येतंय?”

“पाहिजे तेवढं हळू.”

मामांनी मांडीवर थाप मारली. मग म्हणाले, “मग ढाक घे. बाकीचं काय घ्याचं ते घे, पर ढाक घे.”

आतून मामींचा आवाज आला, “डाक्टर काय म्हनलाय ध्यानात हाय न्हवं? गुडघ्यात आता काय ऱ्हायलं न्हाय, नुस्ता आवाज हाय.” मग त्या बाहेर आल्या, आम्हा दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाल्या, “मी बी येतो. बामाची बाटली घिऊन बसतो.” आमच्याकडे बायकाही ‘येतो, बसतो’ म्हणतात. पुढे बेंगळूरचा इंजिनियर मामींना ‘सर’ म्हणायला लागला, त्याचं कारण हेच असावं.

पौष असल्यामुळे मंगल कार्यालयं ओस पडली होती. सरांनी त्यातलंच एक ठरवलं. हा इंजिनियर पेट्याच्या पेट्या घेऊन तिथं उतरला. काटकुळा, अतिशय सभ्य, आमच्याशी हिंदी बोलणारा. पहिल्या दिवशी अंग मोजायचं होतं. त्यासाठी माणसाला फिरत्या तबकडीवर उभं करायचं, अंगावर प्रकाशाच्या पट्ट्या टाकायच्या आणि यंत्र त्या पट्ट्या कुठं कशा वाकल्या ते बघत जातं. तबकडी सरांनी एका गणपती मंडळाकडून आणली होती. आदल्या साली तिच्यावर राक्षस फिरत होता. तिचा वेग राक्षसाचाच राहिला होता, त्यामुळे पहिल्या फेरीला मामा असे गरगरले की “वस्ताद, कुठं तोंड हाय तुमचं?” असं सरांना विचारावं लागलं. मग वायरमनला बोलावून वेग कमी केला. तेल लावलेलं अंग चकाकतं आणि यंत्राला दिसत नाही, म्हणून मामींनी मामांना पावडर थापली. लंगोट घातलेले, पावडर लावलेले मामा तबकडीवर उभे राहिले. तोवर सगळं ठीक होतं.

इंजिनियरने दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला करून दाखवले. मी भाषांतर केलं.

“मामा, आता हात पसरा.”

मामा हलले नाहीत. “काय म्हनालीस?”

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, “ह्यांच्यासमोर हात पसरून उभं राहायचंय.”

मामा तबकडीवरून खाली उतरले. “तुझ्या आज्यानं कुनाफुडं हात पसरला न्हाय. मी न्हाय पसरला. आन् आता ह्या बेंगळूरच्या पावण्याफुडं पसरू व्हय?” असं म्हणून त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला.

माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि सरांनी तो आणखी केला. ते लगबगीने पुढे येऊन म्हणाले, “वस्ताद, इथं आलेल्या प्रत्येकाला पसरावेच लागतात. दोनच मिनिटं पसरा, कोण बघतंय!” मामांनी सदऱ्याची बटणं लावायला सुरुवात केली. वरचं सोडून सगळी लावली. इंजिनियरला वाटलं, काकांना थंडी वाजतेय. त्याने पंखा बंद केला.

“विमान करा,” सर म्हणाले.

“मी बालवाडीत हाय व्हय?” मामा म्हणाले.

शेवटी मामीच उठल्या. “अवं, सदऱ्याचं माप देताना टेलरफुडं कसं उभं ऱ्हातासा? तसं ऱ्हावा की.”

मामांनी विचार केला. टेलरचं बरोबर होतं, टेलरपुढे अब्रू जात नाही. त्यांनी सदरा काढला, तबकडीवर चढले आणि दोन्ही हात झकास बाजूला ताणले. तेव्हापासून आमच्या स्टुडिओत त्या उभं राहण्याला ‘टेलर’ असंच नाव पडलं. त्याला इंग्रजीत ‘टी’ म्हणतात, आणि तो टी टेलरचाच असणार अशी आमच्या सरांची आजही खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियरने पडद्यावर मामांचा पुतळा फिरवून दाखवला. छाती मामांची, पोट मामांचं, मांड्यांवरचे वळसुद्धा मामांचे. मामा खूश होऊन बघत होते, आणि एकदम पुढे वाकले.

“कान कुनाचं हाईत?”

“आपके ही हैं, सर,” इंजिनियर म्हणाला. “स्कॅन में कुछ गड़बड़ थी, मैंने ठीक कर दिए.”

गडबड कसली! मातीत डोकं घासून घासून पैलवानाचा कान चुरगळतो, सुजतो आणि मग फुलकोबीसारखा घट्ट होऊन बसतो. कोल्हापुरात तो कान बघून माणसाला बसायला खुर्ची मिळते. या सभ्य माणसाने यंत्राची चूक समजून मामांना बँकेतल्या क्लार्कचे कान लावले होते.

“अर्धं आयुष्य मातीत घातलं तवा असला कान झाला,” मामा म्हणाले, “आन् ह्यो म्हनतोय, ठीक केला!”

मामी चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या. “लगीन ठरताना असलं कान असतं तर मी चार दिवस रडलो नसतो,” त्या म्हणाल्या.

कान परत चुरगळून दिल्यावर कामाला सुरुवात झाली. हॉलभर तिकाटण्यांवर कॅमेरे लावले होते. सुरुवातीला इंजिनियर एक चमकणारी काठी हवेत ओवाळत कोपऱ्याकोपऱ्यातून फिरला, कारण कॅमेऱ्यांना जागेचं माप कळावं लागतं. “दिष्ट काढतुया व्हय?” मामींनी विचारलं आणि स्वतःही मनातल्या मनात काढली. पडद्यावर भलतेच ठिपके दिसत होते. ते कार्यालयातल्या स्टीलच्या पिपांचे निघाले. पिपं चादरींनी झाकली, तरी एक ठिपका उडतच होता. ती मामींची पाटली निघाली.

मग सूट आला. काळा, अंगाला चिकटणारा, मानेपासून घोट्यापर्यंत. त्यावर पांढरे गोळे चिकटवायचे होते. मामा सूट घालायला नवरीच्या खोलीत गेले ते बाहेरच येईनात. आयुष्यभर हजारोंच्या गर्दीत लंगोटावर उभा राहिलेला माणूस, सगळं अंग झाकल्यावर लाजत होता.

“मामा, काल लंगोटावर तर उभे होता!”

“त्यो लंगोट हाय,” आतून आवाज आला. “ह्यात सगळं दिसतंय.”

मामांच्या जोडीला त्यांचा सगळ्यात जुना शिष्य आला होता. शिरोळकडचा ऊसवाल्या घरातला, आता चाळिशीचा, दूध डेअरी चालवणारा, अंगाने मामांच्या दीडपट. त्यांच्या घरात कन्नड बोलतात. हे कळल्यावर बेंगळूरच्या इंजिनियरचा चेहरा असा उजळला की पुढचा अर्धा तास ते दोघंच बोलत होते आणि आम्ही पाहुणे होतो. शिष्याने सूट एका शब्दासरशी घातला, ते बघून मामाही बाहेर आले.

गोळे चिकटवायला बराच वेळ गेला. सगळे गोळे बसले, दोघांचं टेलर झालं, इंजिनियरने खूण केली, आणि मामांनी शड्डू ठोकला. सवयच ती. मांडीवर थाप, दंडावर थाप. गोळे टपाटप उडाले. एक नवरीच्या खोलीत गेला, एक मामींच्या डब्यात पडला. इंजिनियरने डोकं धरलं. “सर, ये ताली मत बजाइए,” तो हात जोडून म्हणाला. शड्डूला टाळी म्हटलेलं ऐकून शिष्याने जीभ चावली. परत गोळे लावले, परत खूण झाली, आणि मामांनी परत शड्डू ठोकला. तिसऱ्यांदा मामींनी त्यांच्या हातात दोन लिंबं दिली. मामांनी ती खूण होईपर्यंत धरून ठेवायची आणि मग टाकून द्यायची, असं ठरलं. त्या लिंबांनी माझा दिवस वाचवला.

पण शिष्याचं काय करायचं? वस्तादांच्या अंगाला हात लावायच्या आधी तो त्यांच्या पाया पडायचा. तो वाकला, मामांच्या पावलांना हात लावला, की पडद्यावर त्याच्या हातांचे आणि मामांच्या पायांचे ठिपके एक व्हायचे. तो उठला की मशीन गोंधळून जायचं आणि कोणाचं काय ते विसरायचं. मग पडद्यावर मामांचे पाय शिष्याच्या खांद्यातून फुटलेले दिसायचे. इंजिनियरने कन्नडमध्ये समजावलं. शिष्य मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी परत वाकायचा. मी चिडले. “दिवसभराचं एकदाच पडून घ्या की! किरकोळ कशाला, ठोक करा!” मला वाटलं होतं, शिष्य रागावेल. त्याला ते पटलं. त्याने लांबच्या लांब दंडवत घातला, पुष्कळ वेळ तिथंच राहिला आणि उठून म्हणाला, “आता बास हुईल सांजपतोर.”

आधी साधं चालणं घेतलं. पडद्यावर माणसं नसतात, काळ्यावर नुसते पांढरे ठिपके असतात. पण ते चालायला लागले आणि मामी लगेच म्हणाल्या, “ह्यो लंगडतोय त्यो आमचा.” शिष्यालाही सगळ्यांनी ओळखलं. तो ठिपक्यांमध्येसुद्धा मामांच्या मागे एक पाऊल ठेवून चालत होता.

मग ढाक.

गाद्या अंथरल्या. मामांनी लिंबं टाकली. दोघं भिडले, मामांनी शिष्याचा हात काखेत घेतला, वळले, आणि तो एवढा मोठा देह मामांच्या कमरेवरून गेला आणि गादीवर धप्पकन आदळला. कार्यालयाच्या खिडक्या वाजल्या. सर टाळ्या वाजवायला लागले, मी ओरडले, मामी बामाची बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. मामा धापा टाकत हसत होते. इतकं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

इंजिनियर मात्र पडद्याकडे बघून मान हलवत होता. त्याने परत घ्यायला सांगितलं. परत तसंच झालं. आणखी एकदा. मग तो सरांना हळूच म्हणाला, पण मंगल कार्यालयात हळू बोललेलं काही हळू राहत नाही, “सर, ये गिराया नहीं गया. ये खुद गिर रहा है.”

सर खोकले. मी कॉफी मागवू का म्हणून विचारलं. पण मामांनी ऐकलं होतं.

“दाव,” मामा म्हणाले.

इंजिनियरने ठिपके हळू करून दाखवले. मामांची कंबर वळायच्या आधीच शिष्याच्या पायांचे ठिपके जमिनीवरून उचलले गेले होते. डोळ्यांना दिसलं नव्हतं, ठिपक्यांना लपवता येत नव्हतं. शिष्य आधी उडी घेत होता आणि मग मामा त्याला पाडत होते.

“परत दाव,” मामा म्हणाले. परत दाखवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिष्याकडे न बघताच विचारलं, “कवापास्नं?”

शिष्य गादीची सुरकुती सारखी करायला लागला.

“कवापास्नं पडतुयास माझ्या हातनं?”

“तुमचा गुडघा गेल्यापास्नं, वस्ताद.”

“आन् बाकीची पोरं?”

 मामा जाऊन स्टेजवरच्या नवरदेवाच्या खुर्चीत बसले. सोनेरी सिंहांची ती खुर्ची, त्यात काळा सूट घातलेले, अंगभर पांढरे गोळे लावलेले मामा. एरवी मी हसून लोळले असते. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी सरांवर ओरडले की तुम्हाला कोणी सांगितलं होतं बेंगळूरचं काम घ्यायला, आपलं खताचं पोतं काय वाईट होतं. मामांना मी इथं आणलं होतं. तालमीतल्या पोरांना दाखवायची ढाक टिपायला आणलं, आणि ती ढाक कित्येक वर्षांपूर्वीच संपली होती हे त्यांना सगळ्यांसमोर दाखवून दिलं.

मामा उठले. “पुन्ना घ्या.”

“गुडघा हाय का काय हाय?” मामी म्हणाल्या.

“त्यो कवाच गेलाय. त्याला इचारून काय करू?” मामा गादीवर आले आणि शिष्यासमोर उभे राहिले. “आज लाडानं पडलास तर उद्यापास्नं तालमीत दिसायचं न्हाय. अंगात हाय ते काढ.”

शिष्याने इंजिनियरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोणी मदत केली नाही. मामींनी बाटलीचं झाकण काढून ठेवलं.

दोघं भिडले. या वेळी आवाज वेगळाच होता. मामांनी हात काखेत घेतला, वळले, आणि शिष्य जागचा हलला नाही. मामांनी परत रेटलं. गुडघा वाजला, तो मला स्टेजपर्यंत ऐकू आला. मामा हटले, परत घुसले, मानेवर असा हात मारला की शिष्याची मान वाकली. मग काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्याच क्षणी मामींकडे बघितलं होतं. वळून बघितलं तर मामा आढ्याकडे तोंड करून गादीवर पडलेले होते आणि गोळे घरंगळत भिंतीपर्यंत चालले होते.

 शिष्य दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. एवढ्यात, ज्याने सारा वेळ पडद्यावरून नजर हलवली नव्हती, तो इंजिनियर आनंदाने ओरडला, “परफेक्ट! एकदम परफेक्ट!”

“काय म्हनतोय पावना?” मामांनी पडल्या पडल्या विचारलं.

“चांगलं आलंय म्हणतोय,” मी म्हणाले.

“मग उचला की मला. आडवाच बघू व्हय?”

आम्ही चौघांनी त्यांना उठवलं. शिष्य पायांवर पडायला वाकला, तर मामा म्हणाले, “ते सांजपतोरचं झालंय.” खुर्ची पडद्यासमोर ओढून घेऊन ते बसले. मामी खाली बसून सुटावरूनच बाम चोळायला लागल्या. ठिपके हळूहळू वळले, एक माणूस उचलला गेला, पडला. मामा पुढे सरकले. परत. आणखी हळू.

“हितं थांब,” ते म्हणाले आणि पडद्यावर बोट टेकवलं. “ह्याचा डावा पाय बघ. कवा आत गेला मलाबी कळलं न्हाय. ह्यो माझा पाय हाय, माझ्या ढाकेचा.” ते शिष्याकडे वळले. “इतक्या पोरास्नी शिकवला, एकालाबी आला न्हाय म्हनून मी जीव जाळतुय, आन् तू घिऊन गप बसलायस?”

“तुमच्यावर कसा टाकू, वस्ताद?”

“मग कुनावर टाकनार? म्हशीवर?”

शिष्य रडता रडता हसला. मामांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि उरलेले दोन गोळेही उडाले.

इंजिनियरने सांगितलं की काळजी नको, पाडणाऱ्याची हालचाल मामांच्या पुतळ्याला लावता येते. म्हणजे गेममध्ये ढाक मामाच मारतील, आणि पडणाऱ्याला दुसरं कोणाचंही अंग देता येईल. सर खुर्चीवरून उठलेच. “बघा वस्ताद, शेवटी तुम्हीच जिंकलात!” मलाही वाटलं, झालं, सुटलो. मामांना हवं होतं ते हेच तर होतं.

“न्हाय,” मामा म्हणाले. “पाडलं त्यानं. त्याचं अंग त्याला लाव. माझं अंग खाली पडल्यालं दाव.”

“मामा, अहो गेममध्ये आयुष्यभर तुम्ही पडत राहाल!”

“पडीन की.”

त्यांनी पुढं ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी शिष्याला तबकडीवर उभं करून त्याचंही अंग मोजलं.

तो गेम काही बाजारात आला नाही. बेंगळूरच्या कंपनीने हळूहळू फोन उचलणं बंद केलं आणि आम्ही परत पोत्यांकडे वळलो. पण ढाकेची सीडी माझ्याकडे होती. एका संध्याकाळी मामांनी मला तालमीत बोलावलं. आखाड्यात बाईने जायचं नाही, म्हणून कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत मांडायला लावला. पोरं अंगाला माती तशीच घेऊन गोळा झाली. वाढवून सांगण्याबद्दल बोललेलीही त्यातच असणार. शिष्य डेअरीतून परस्पर आला होता, तो पार मागे दारात उभा राहिला.

मी सीडी लावली. चुरगळलेल्या कानांचे मामा पडद्यावर आले, भिडले, उचलले गेले आणि चितपट झाले.  पडद्याकडे बघायचं सोडून सगळी पोरं मामांच्या तोंडाकडे बघायला लागली.

“परत लाव,” मामा मला म्हणाले. मग पोरांवर खेकसले, “माझ्याकडं काय बघतायसा? मी पडलोय ते दिसतंय न्हवं? त्याचा पाय बघा, पाय!”